फुगा वळतो ती जागा

माझी आत्या रोज दुपारी एक फुगा वाऱ्यावर सोडायची आणि त्याबद्दल तिला सरकारी पगार मिळायचा. बाकी कुणालाही तिने आयुष्यात वाऱ्यावर सोडलं नाही. भावाचं लग्न, भावजयीची बाळंतपणं, माझं शिक्षण, ते सुटल्यावर माझं टायरचं दुकान, सगळ्याच्या मागे ती उभी राहिली. पण गावात विचाराल तर तिची ओळख एकच, फुगेवाल्या बाई. शेजारची पोरं तिला वाढदिवसाला आवर्जून बोलवायची. ती जायची, भिंतीवरचे फुगे निरखायची आणि यजमानांना सांगायची की यांत हवा कमी आहे, हे वर जाणार नाहीत.

तिने लग्न केलं नाही. का नाही केलं, हे विचारायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. आमच्या वरच्या मजल्यावर तिची खोली. खोलीला दोन खिडक्या समोरासमोर, आणि त्या दोन्ही बारा महिने उघड्या. त्या खोलीत कागद म्हणून जी वस्तू असेल तिच्यावर दगड ठेवलेला असायचा.

हवामान कार्यालय म्हणजे एक दुमजली इमारत. खाली साहेबांची खोली, तारा आणि यंत्रं, वर गच्ची. गच्चीवर पाण्याची टाकी, टाकीच्या डाव्या अंगाला तिपाईवर बसवलेली दुर्बीण, तिच्याजवळ दोन स्टुलं. आत्याचं सगळं राज्य एवढंच. कामाची रीत अशी की फुग्याच्या तोंडाला एक ठरलेलं पितळी वजन लटकवायचं आणि ते जेमतेम अधांतरी राहील इतकाच गॅस भरायचा. मग वजन काढून तोंड बांधायचं आणि फुगा सोडायचा. असा फुगा ठरलेल्या वेगानेच चढतो, त्यामुळे तो किती उंच गेला हे घड्याळच सांगतं. आकाश निळं असेल तर पांढरा फुगा, ढगाळ असेल तर लाल. दर मिनिटाला घंटा वाजते. घंटा वाजली की दुर्बिणीच्या दोन चकत्यांवरचे आकडे वाचायचे, एक दिशेचा, एक वरच्या कोनाचा. त्यावरून कुठल्या उंचीवर वारा कुठून येतोय आणि किती जोरात, याचा हिशोब निघतो. आत्याचा उजवा डोळा दुर्बिणीला लागलेला असायचा आणि डावा चकत्या वाचायचा. डावा लहानपणापासून आळशी होता, लांबचं त्याला जमायचं नाही, पण हाताच्या अंतरावरचं चोख वाचायचा. एका डोळ्याने आकाश आणि एका डोळ्याने आकडे, अशी तिने घरातल्या घरातच कामाची वाटणी केली होती.

मीही हवेच्याच धंद्यात आहे. फरक एवढाच की माझ्या धंद्यात हवा जागेवर राहिली तर गिऱ्हाईक खूश, आणि आत्याच्या धंद्यात हवा जागेवर राहिली तर बोंब.

दुसऱ्या स्टुलावर बसायचे लेखनिक. आत्या आकडे सांगायची, ते लिहून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरंय." पुढची घंटा, पुढचे आकडे, "बरंय." हे त्यांनी इतकी वर्षं केलं की त्यांचं खरं नाव बहुतेक त्यांनाच माहीत असावं. सगळे त्यांना बरंयकाका म्हणायचे. बायको लवकर गेलेली, मुलगा लांब स्थायिक झालेला. निरीक्षकाची परीक्षा द्या, पगार वाढेल, असं त्यांना तीन साहेबांनी तीन वेळा सुचवलं. प्रत्येकाला त्यांनी एकच उत्तर दिलं, "लिहायला बरंय." त्यांना आत्या 'तुम्ही' म्हणायची, ते आत्याला 'बाई' म्हणायचे. इतकी वर्षं शेजारी बसूनही त्यांनी एकमेकांचं तोंड फारसं बघितलं नसणार, कारण एक वर बघत असे आणि दुसरा खाली.

वारा कसा वाहतो हे आत्या कुणालाही न विचारता सांगायची. माझं लग्न ठरलं आणि बायको पहिल्यांदा चहाला आली, तेव्हा आम्ही सगळे जरा दबून बसलो होतो. आत्या उठली, स्वयंपाकघराचं दार बोटभर उघडं ठेवलं, काडी ओढून विझवली आणि धुराची काडी दाराच्या फटीत वर धरली. धूर बाहेर आला. मग ती खाली वाकली आणि काडी उंबऱ्याशी धरली. धूर आत गेला.

"शेगडीमुळे आतली हवा तापते," ती माझ्या होणाऱ्या बायकोला म्हणाली. "तापली की हलकी होते, वर चढते, आणि वरच्या बाजूने बाहेर पडते. तिची जागा भरायला बाहेरची गार हवा खालून आत शिरते. पृथ्वीचंही असंच. पोटावर ऊन सरळ पडतं, दोन्ही टोकांना तिरकं. पोटाशी हवा तापून वर जाते, वरच्या वर दोन्ही टोकांकडे निघते, पण पोचत नाही. वाटेत गार होते, जड होते, खाली बसते, आणि जमिनीलगत परत पोटाकडे येते."

"बरोबर," बायको म्हणाली. मुलगी पसंतीला आलेली असली की सगळंच बरोबर असतं.

"पण सरळ जात नाही," आत्या म्हणाली. तिने ताटात कोरडं पीठ पसरलं, ताट बायकोच्या हातात दिलं आणि सावकाश फिरवायला सांगितलं. ते फिरत असताना तिने काठापासून मध्याकडे बोट ओढलं. रेघ वाकडी उमटली. "बोट मी सरळच नेलं. रेघ वाकडी आली ती ताट फिरलं म्हणून. पृथ्वी खाली फिरते, त्यामुळे वरून टोकांकडे निघालेला वारा एका अंगाला वळतो आणि खालून परत येणारा दुसऱ्या. म्हणून आपल्याकडे खालचा वारा उगवतीकडून येतो आणि वरचा मावळतीकडून. आपला फुगा आधी मावळतीला जातो. मग एका उंचीवर जाऊन थबकतो. मग माघारी फिरतो आणि आपल्या डोक्यावरून उगवतीला निघून जातो. तो थबकतो ना, ते बघायला मी रोज गच्चीवर जाते."

"आणि उगवतीला गेल्यावर?" बायकोने विचारलं. हा प्रश्न तिने विचारायला नको होता, पण फुग्याचा शेवट आत्याला विचारायचा नसतो हे तिला ठाऊक नव्हतं.

"फुगा फुटतो. वारा जातो पुढे. दोन-तीन आठवड्यांत पृथ्वीला वळसा घालून परत इथेच. मात्र ओळख देत नाही."

लग्न झालं. त्या पिठाचं काय करायचं, यावर आईचं आणि आत्याचं तेवढ्यापुरतं वाजलं होतं, पण ते निभावलं.

आता मुख्य गोष्ट. त्या कार्यालयाचा एक नियम होता. दुर्बिणीला डोळा लावणाऱ्याने दरवर्षी डोळे तपासून दाखला आणायचा. दाखला मिळाला नाही तर नोकरी जात नाही, पण गच्ची जाते. त्या माणसाला मुख्य कार्यालयात पाठवतात, दुसऱ्या शहरात, तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत. तिथे पगार तेवढाच, पंखाही आहे, खिडकी नाही. आत्या एकदा ती खोली बघून आली होती. त्या खोलीत काडी पेटवली तर धूर सरळ वर जातो, एवढंच ती म्हणाली, आणि त्या दिवशी जेवली नाही. तेव्हा पुढे जे झालं त्यात प्रश्न एकच होता, आत्या गच्चीवर राहणार की तळघरात जाणार.

झालं असं की फुगा तिच्या हातून सुटायला लागला. आधी महिन्यातून एखादा, मग आठवड्यातून, मग रोजच. फुगा थबकायच्या आधीच नाहीसा व्हायचा. ती दुर्बीण इकडेतिकडे फिरवायची आणि म्हणायची, "गेला." बरंयकाका विचारायचे नाहीत कुठे गेला. ते शेऱ्याच्या रकान्यात लिहायचे, 'हवा धुरकट.' त्या वर्षी मुख्य कार्यालयाच्या दफ्तरी आमचं गाव भलतंच धुरकट झालं. प्रत्यक्षात आमच्या गच्चीवरून नदीपलीकडच्या टेकडीवरची झाडं मोजता येत होती.

घरी ती काही बोलली नाही. आम्हाला एवढंच दिसलं की ती चहा कपाच्या बाहेर ओतू लागली. माझ्या बायकोने दोनदा ओटा पुसला आणि तिसऱ्यांदा माझ्याकडे बघितलं. मी आत्याला म्हटलं, डोळे दाखवून घेऊ. ती म्हणाली, "तुझ्या दुकानाची पाटी वाकडी लागलीय, ती आधी बघ." पाटी वाकडी होतीच, त्यामुळे विषय तिथेच राहिला.

मग एक दिवस ती गुणगुणत घरी आली. आत्या गुणगुणत नाही. आईने गॅस बारीक करून ऐकलं.

"आज फुगा शेवटपर्यंत सापडला," आत्या म्हणाली. "घंटांवर घंटा वाजल्या, तो आपला जागचा हलेना. असा स्पष्ट, जसा काही खिळ्याला टांगलाय. यांनी लिहिलेला कागद मीच खाली साहेबांना नेऊन दिला."

"वळला कुठे?" मी विचारलं. एवढं आम्हाला सगळ्यांनाच विचारायला येत होतं.

"आज वळलाच नाही. वाऱ्याची मर्जी."

जे वळण बघायला ती रोज जिना चढायची ते आलंच नाही, आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही, इतकी ती खूश होती. मला तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. पण मीही खूश झालो, कारण चहा त्या दिवशी कपात पडला.

पुढचं मला साहेबांनी सांगितलं. ते त्यांच्या गाडीत हवा माझ्याकडेच भरतात, आणि हवा भरताना माणूस मोकळा असतो.

मुख्य कार्यालयातून फोन आला. तिकडे सगळ्या केंद्रांचे वारे एका नकाशावर काढतात. नकाशा काढणारा म्हणाला, "तुमच्या अलीकडचं केंद्र म्हणतं वरचा वारा मावळतीकडून. पलीकडचं केंद्र म्हणतं मावळतीकडून. मधे तुमच्याकडेच खालपासून वरपर्यंत उगवतीकडून? जगाचा वारा तुमच्या गावाला वळसा घालून जातो का?"

साहेब म्हणाले, "बघतो." त्यांनी आकडे बघितले. फुगा थरथरतो, हेलकावतो, त्याचे आकडे कधी नीट ओळीत बसत नाहीत. हे आकडे गुळगुळीत होते, घंटेगणिक केसभर खाली उतरणारे. त्यांनी ग्रहांचं कोष्टक काढलं आणि आत्याला व बरंयकाकांना खाली बोलावलं.

"बाई," साहेब म्हणाले, "ही शुक्राची चांदणी आहे."

शुक्र दिवसाही आकाशात असतो. कुठे बघायचं हे कळलं तर दिसतोही, आणि दुर्बिणीत तर तो लांब गेलेल्या पांढऱ्या फुग्यासारखाच दिसतो. फुगा हातचा सुटला, दुर्बीण फिरवता फिरवता चांदणी सापडली, आणि माणूस तिच्याच मागे लागला, ही चूक त्या धंद्यात नवी नाही. दुसऱ्या कुठल्याच धंद्यात ती होत नाही. टायरच्या दुकानात माणूस कितीही आंधळा असला तरी शुक्राचं पंक्चर काढायला घेत नाही.

"फुगा होता," आत्या म्हणाली.

"फुगा हलतो, बाई." साहेब चांगला माणूस, त्यांना हे बोलणं जड जात होतं. ते बरंयकाकांकडे वळले. "लिहिताना तुमच्या लक्षात नाही आलं?"

"आलं."

"कधी?"

"लगेचच."

"मग बोलला का नाहीत? शंका आली तर लेखनिकाने तिथेच थांबवायचं, असा नियम आहे."

बरंयकाकांनी टेबलावरचा तो कागद सरळ केला. "बाई खूश होत्या, साहेब," ते म्हणाले. "कितीतरी महिन्यांनी त्यांना काहीतरी इतका वेळ दिसत होतं. म्हटलं, बघू द्यावं. खाली आल्यावर तो कागद बाद करणार होतो. पण बाईच कागद घेऊन जिना उतरल्या."

साहेब सांगत होते आणि माझ्या हातातली नळी तशीच राहिली. त्यांच्या मागच्या चाकात त्या दिवशी हवा जरा जास्तच गेली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी उजवा डोळा तपासला आणि कागदावर एक गोल काढून त्याचा मधला भाग खरवडून दाखवला. "पडद्याचा मध्य झिजलाय. कडा शाबूत आहेत. तुम्ही ज्याच्याकडे सरळ बघाल ते पुसलं जाईल. त्याच्या जरा बाजूला बघितलंत तर ते दिसेल."

"ऑपरेशन?" मी विचारलं.

"याला नाही. डाव्याला जपा, लिहिण्यावाचण्याला तो पुरेल."

दाखला मिळाला नाही. बदलीचा कागद आला, दोन महिन्यांनी तळघर. आत्याने तो वाचला, त्याच्यावर दगड ठेवला आणि दोन्ही खिडक्यांच्या मधे जाऊन बसली. त्या दिवसांत तिला बाजूला बघायची सवय लागली. माझा चेहरा बघायचा असला की ती माझ्या कानाकडे बघायची. माझी बायको म्हणाली, "माझ्याशी बोलताना त्या फ्रिजशी बोलतात. पण मी केस कापले ते घरात त्यांनाच दिसलं."

डोळा गेल्याचा राग तिने कुणावर काढला नाही. राग होता बरंयकाकांवर. "माझी कीव केली," ती म्हणायची. "आंधळीला आरसा दाखवला असता तरी चाललं असतं. यांनी खोटा आकडा लिहून वर बरंय म्हटलं. प्रत्येक घंटेला म्हटलं." हे ती जेवताना म्हणायची, ताटाकडे न बघता, म्हणजे ताटाकडे बघत.

एका रविवारी बरंयकाका आमच्या घरी आले. याआधी ते कधीच आले नव्हते. खुर्चीच्या अगदी कडेला बसले, पाणी प्यायले, पेला कुठे ठेवावा याचा विचार करत तो हातातच धरून बसले.

"बाई, परीक्षा द्यावी म्हणतो."

"कसली?"

"बघायची."

आत्या त्यांच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघत होती. "तुम्ही? तुम्हाला रस्त्यापलीकडची पाटी वाचता येत नाही."

"येते. मी वाचत नाही."

आई उगाचच आत जाऊन बाहेर आली.

"मी बघायला बसलो की लिहायची जागा रिकामी होते," बरंयकाका म्हणाले. "लिहिणाऱ्याला दाखला लागत नाही. साहेबांना विचारलंय. अक्षर बरं हवं, एवढंच. मी पास झालो तर तुमची बदली रद्द करतो म्हणाले. नापास झालो तर..." त्यांनी पेला अखेर जमिनीवर ठेवला.

"तेव्हा गप्प बसायची दया आली, आता परीक्षेची दया आली," आत्या म्हणाली.

"दया नाही."

"मग काय आहे?"

बरंयकाकांनी उत्तर द्यायचा प्रयत्न केला. या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याचे आकडे लिहिले होते, स्वतःचा सांगायची वेळ पहिल्यांदाच आली होती. "ते दुसरं स्टूल," ते म्हणाले, "रिकामं असलं तर मला जमणार नाही."

आत्या घड्याळाकडे बघत राहिली. घड्याळ बंद होतं हे मला ठाऊक होतं.

"मी बोलेन," ती शेवटी म्हणाली. "आकडा वेडा वाटला की तिथल्या तिथे बोलेन. तुमच्यासारखी गप्प बसायची नाही."

"बरंय," बरंयकाका म्हणाले.

मग सराव सुरू झाला, आणि तो किती वाईट चालला हे साहेब दर आठवड्याला हवा भरताना सांगायचे. पहिल्या दिवशी बरंयकाकांनी घारीचा पाठलाग केला. आत्या म्हणाली, "फुगा गिरक्या घेत नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी विमान धरलं आणि ते आत्याला नुसत्या आकड्यांवरून कळलं. एकदा पलीकडच्या इमारतीच्या टोकावर बसलेला बगळा त्यांनी अगदी मन लावून धरला. तीन घंटा आकडा तसूभर हलला नाही. आत्या म्हणाली, "उडाला की सांगा, तोवर मी चहा घेते." पण ती जायची नाही. कागदाला नाक लावून बसायची. डावा डोळा आकड्यांवर, आणि आकडे ऐकता ऐकता फुगा कुठवर आला हे तिला कळायचं. फुगा आता तिला दिसत नव्हता, पण वारा कळत होता. ती म्हणायची, "आता थबकेल," आणि जरा वेळाने बरंयकाका म्हणायचे, "थबकला की हो."

परीक्षेच्या दिवशी रस्ता ओलांडून द्यायला मी आत्याबरोबर गेलो आणि गच्चीवरच थांबलो. मुख्य कार्यालयाचे तपासनीस आले होते. स्टुलं दोनच, म्हणून ते उपड्या बादलीवर बसले होते आणि वेलची चघळत होते. नियम त्यांनी आधीच सांगून टाकला. ओळीने तीन घंटा आकडा आला नाही की परीक्षा संपली. आणि फुगा वळून परतला हे आकड्यांत दिसायला हवं.

फुगा सुटला. पांढरा, कारण आकाश कोरं होतं. बरंयकाकांनी डोळा लावला. घंटा, आकडे. आत्या लिहायची आणि म्हणायची, "हं." घंटा, आकडे, "हं." फुगा मावळतीकडे निघाला होता, एवढं मलाही दिसत होतं. मग तो टाचणीच्या डोक्याएवढा झाला, मग मला दिसेना. बरंयकाकांची मान क्षणभर हलली, दुर्बीण थोडी फिरली, पुन्हा स्थिर झाली. घंटा. आकडे. बरंयकाकांचा आवाज अगदी आश्वस्त होता. घंटा, आकडे. घंटा, आकडे.

"थांबा," आत्या म्हणाली.

तपासनीसांनी वेलची एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "लेखनिकाने मधे बोलायचं नसतं."

"शंका आली तर बोलायचं असतं," आत्या त्यांच्या कानाकडे बघून म्हणाली. "नियम आहे."

तपासनीसांनी जरा आठवलं. "आहे," ते म्हणाले.

"हे आकडे फार शहाणे आहेत," आत्या बरंयकाकांना म्हणाली. "आता तो थबकायला हवा. हा थबकत नाही. थरथरतोय का तिथे?"

बरंयकाकांनी डोळा दुर्बिणीला आणखी दाबला. मला त्यांच्या मानेवरचा घाम दिसत होता. हो म्हणाले असते तर कुणाला कळलं नसतं, आणि उरलेले आकडे त्यांनी सरळ ओळीत सांगितले असते.

"नाही थरथरत," ते म्हणाले. "बाई, ही तीच आहे."

"चांदणी?"

"चांदणी."

घंटा वाजली. आकडा नाही. तपासनीसांनी एक बोट दुमडलं.

"सोडा तिला," आत्या म्हणाली. तिने कागद डोळ्याशी धरला, खऱ्या फुग्याचे शेवटचे आकडे बघितले आणि डोळे मिटून घेतले. माझी आत्या डोळे मिटून आकाश बघत होती, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली की ती तळघरात जाणार, आपण तिला स्टेशनवर सोडायला जाणार, आणि परत येऊन त्या दोन खिडक्या लावून घेणार.

"तो वळलाय," ती म्हणाली. "तुम्ही त्याला जाताना शोधताय, तो परत येतोय. वर घ्या, डोक्याकडे. आणखी. आता उगवतीकडे, थोडंच."

घंटा वाजली. आकडा नाही. तपासनीसांनी दुसरं बोट दुमडलं. दुर्बीण कुरकुरत वर चढत होती. गच्चीवर वारा अजून उगवतीकडूनच येत होता, आत्याच्या हातातला कागद फडफडत होता आणि तिने त्यावर अंगठा दाबून धरला होता.

"सापडला," बरंयकाका म्हणाले. "थरथरतोय, बाई. चांगला थरथरतोय."

घंटा वाजली. त्यांनी आकडे सांगितले. आत्याने ते लिहिले.

"बरंय," ती म्हणाली.

पुढे फुगा डोक्यावरून उगवतीला गेला आणि फुटेपर्यंत एकही आकडा चुकला नाही. तपासनीसांनी कागद तपासला आणि शेरा लिहिला, 'नजर साधारण. लेखनिक बोलतो. जोडी बदलू नये.' साहेबांनी सही केली, बदली रद्द झाल्याचं सांगितलं, तपासनीस बादली सुलट करून निघून गेले. बरंयकाका दुर्बिणीवर कापड घालत होते. कापडाची एकच घडी ते चारदा बसवत होते.

आत्या तिच्या स्टुलावर बसून होती, म्हणजे आता लेखनिकाच्या स्टुलावर, तोंड पाण्याच्या टाकीकडे करून. बराच वेळ. साहेबांना काळजी वाटली. त्यांनी मला हळूच विचारलं, "बाई त्या टाकीकडे काय एवढं बघतायत?"

बरंयकाका टाकीच्या डाव्या अंगाला उभे होते.

"टाकीकडे नाही बघत," मी म्हणालो.